समुद्राची खोली सहा इंच

अमोनियाचा वास आवडणारा दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पूर्वी कारखान्यांतून नकाशांच्या जांभळट रेघांच्या प्रती निघायच्या, त्यांना तो वास असायचा. नाकात चढायचा, डोळ्यांत पाणी आणायचा, आणि कागद कितीही जुना झाला तरी गुंडाळीच्या आत थोडासा शिल्लक राहायचा. गेल्या रविवारी डोंबिवलीत टिपणीस काकांचं कपाट रिकामं करताना एक गुंडाळी हाताला लागली. दोरा सोडायच्या आधीच मला कळलं की आत काय आहे. ती माझ्या हातातून खाली पडली.

"काय पडलं? काच आहे का?" काकांनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही. कागद आहे."

"मग पडू दे."

आमची बिल्डिंग आता पाडणार आहेत. चार मजले, सोळा बिऱ्हाडं. पंधरा गेली. आमची जागा आई गेल्यापासून भाड्याने होती, तीही रिकामी झाली. उरले तिसऱ्या मजल्यावरचे टिपणीस काका, वय वर्षं चौऱ्याऐंशी. त्यांची मुलगी नंदा चार वाजता टेम्पो घेऊन येणार होती आणि त्यांना ठाण्याला, खोपटला, आपल्या घरी नेणार होती. मी सकाळी दहालाच आलेलो. मदतीला जातो असं नंदाला सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. मला काकांना एक गोष्ट सांगायची होती. ती अडतीस वर्षं सांगायची राहिली होती. बिल्डिंग उभी आहे तोवर सांगून टाकायची असं मी पूर्वीच ठरवलेलं, आणि बिल्डिंगला आता पंधरा दिवस उरले होते.

काकांच्या दाराच्या आतल्या बाजूला एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर त्यांच्या सुंदर, सरळ, नकाशावरच्या अक्षरात लिहिलंय: गॅस. नळ. दिवा. पंखा. परत गॅस. बाहेर पडताना काका तो पुठ्ठा मोठ्याने वाचतात, एकेक गोष्ट हात लावून बघतात, मग दार ओढून कुलूप लावतात आणि ते तीनदा ओढून पाहतात. मग अर्धा जिना उतरतात आणि परत वर येतात. बिल्डिंगमधल्या पोरांच्या दोन पिढ्या ही नक्कल करत मोठ्या झाल्या. मीही हसायचो. पण नक्कल मात्र मी कधी केली नाही.

कारण काकांना ती सवय मी लावली.

*

आमच्या लहानपणी दिवाळीची सुट्टी लागली की डोंबिवलीत कंपाउंडाकंपाउंडात किल्ले उभे राहायचे. दगड, विटा, वर ओलं गोणपाट, गोणपाटावर माती, मातीत अळीव. भाऊबीजेपर्यंत डोंगर हिरवा. ओल्या गोणपाटाला एक वास असतो, कुबट आणि तरीही हवाहवासा. सहामाहीचा शेवटचा पेपर आणि तो वास यांच्यामध्ये एक तासही जात नसे. आम्ही गणवेशावरच चिखल कालवायला बसायचो.

पण आमच्या बिल्डिंगचा किल्ला दरवर्षी बुटका व्हायचा. शेजारच्या बिल्डिंगमागे भरावाची माती पडलेली असे, त्यांचा किल्ला पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत जायचा. आमच्याकडे सगळी फरशी. कडेला दोन हात जमीन आणि त्यात तळमजल्यावरच्या पालेकर मावशींची तुळस. मावशी तिथून मूठभर मातीसुद्धा उचलू देत नसत. त्या वर्षी आम्ही तिघं, म्हणजे मी, नंदा आणि सुध्या, तोंड पाडून बसलेलो असताना काका कामावरून आले.

काका वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. त्या कारखान्यात पाण्याचे व्हॉल्व्ह बनायचे आणि काका त्या व्हॉल्व्हची ड्रॉइंगं काढायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळ्या बिल्डिंगने ती लक्षात ठेवली. रजा मिळाली की काका खोपटच्या डेपोतून एसटी पकडून कोकणात उतरायचे, पिशवीत दशम्या आणि मोजमापाची टेप. त्यांना डोंगरी किल्ल्यांचं काही वाटत नसे. "डोंगर देवाने केलेला, वर माणसाने चार भिंती घातल्या, त्यात काय?" त्यांचं प्रेम समुद्रातल्या किल्ल्यांवर.

"माती कमी आहे ना?" काका म्हणाले. "मग पाणकिल्ला करा. त्याला उंची लागत नाही. डोकं लागतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यातून ती जांभळी प्रत आणली. आमच्या किल्ल्याचा नकाशा. तटाची जाडी, बुरुजांचा घेर, सगळं मापात, इंचात. मी जन्मात इतकी सुंदर वस्तू पाहिली नव्हती. आम्ही तिघं तिच्यावर ओणवे झालो आणि तिघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. ते अमोनियामुळे, पण सगळंच अमोनियामुळे होतं असं मी म्हणणार नाही.

काका पायरीवर बसून आम्हाला समजावत होते. हातात पट्टी, समोर चहा. "हे दोन बुरुज बघा. एकमेकांत हात गुंतवून उभे राहिल्यासारखे. दरवाजा यांच्या मधे, आत वळलेला. होडीतून येणाऱ्याला समोरून नुसती भिंत दिसते. तो दार शोधत फिरतो, तोवर वरून तोफा. आणि हत्तीने धडक मारायची म्हटली, तर मागे सरकायला जागा नाही."

"समुद्रात हत्ती कसा येईल, काका?" सुध्याने विचारलं.

"नाही ना येत? मग झालंच तर."

त्यांनी सांगितलं की चुन्यात गूळ घालायचे. पायाच्या दगडांच्या फटींत वितळलेलं शिसं ओतायचे, म्हणजे लाटांनी दगड हलत नाही. तटाबाहेरचे खडक मुद्दाम तासायचे नाहीत, धारदार ठेवायचे. भिंतीतली भोकं बाहेरून बारीक, आतून रुंद आणि खाली उतरती, कारण शत्रू खाली पाण्यात असतो. चारी बाजूंना खारा समुद्र आणि मधे गोड्या पाण्याचं टाकं. "पाणी ज्याच्याकडे, किल्ला त्याचा," काका म्हणाले. हे ते अधिकाराने बोलायचे, कारण आमच्या बिल्डिंगचं पाणी त्यांच्याकडे होतं. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह उघडणं आणि बंद करणं हे काम त्यांनी हौसेने घेतलेलं. पालिकेचं पाणी दिवसातून एकदा यायचं, दुपारी. ते पुरवून वापरायचं.

"मग असा किल्ला पडतो कसा?" मी विचारलं.

"तोफेने भिंतीला खड्डा पडतो. किल्ला पडतो तो आतल्या माणसाने. सगळे झोपले की कुणीतरी हळूच मागचा दिंडी दरवाजा उघडतो." काकांनी चहा संपवला. "त्याला म्हणतात फितूर."

नंतर नकाशाच्या कोपऱ्यातल्या चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं. तिथे छापील अक्षरात दोन ओळी होत्या. 'काढले', त्यापुढे त्यांची सही. 'तपासले', त्यापुढे कोरं.

"इथे तू सही कर."

"तपासणारा काय करतो, काका?"

"काही नाही. चूक दिसली तर सांगतो. एवढंच काम."

मी पेन चाटून सही केली. बारा वर्षांचा होतो. आयुष्यातली ती पहिली सही.

*

गुंडाळी उलगडून मी ती जमिनीवर पसरली. कडा उडू नयेत म्हणून चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले. रेघा फिक्या झाल्यात, पण वाचता येतात. तटाभोवती आडव्या लाटा काढलेल्या आणि त्यांत लिहिलेलं: समुद्र, खोली सहा इंच.

"अरे, हा कुठे सापडला?" काका दारात उभे होते. त्यांच्या हातात बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा होता. "मला वाटलं रद्दीत गेला. आणि हे बघ, हे तुझंच, घेऊन जा परत."

डब्यात उटण्याची पाकिटं होती. पिवळी, केशरी, लाल, काही इतकी जुनी की कागद विटून पांढरा झालेला. झाकण उघडताच खोलीभर आंबेहळद आणि नागरमोथ्याचा वास पसरला.

ही पाकिटं मी दर दिवाळीला काकांना पाठवत आलो. नोकरी लागली त्या वर्षापासून, एकही साल न चुकता. प्रायश्चित्त म्हणून दुसरं काय पाठवावं ते मला सुचलं नव्हतं. काकांनी त्याचा वेगळाच अर्थ लावला होता.

"तुझा उटण्याचा धंदा बरा चाललाय ना अजून?"

"काका, माझा उटण्याचा धंदा नाही. मी विम्यात आहे."

"म्हणजे जोडधंदा. चांगलं आहे. पण मी लावत नाही रे उटणं. त्या वर्षापासून नाही लावलं. कसं लावणार?"

त्या वर्षापासून. आता बोलायलाच हवं होतं. मी घसा साफ केला.

"पाणी हवंय?" काका म्हणाले आणि आत गेले. नळाचा आवाज आला. नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग तो परत उघडून परत बंद केल्याचा आवाज आला.

मी पूर्वीही प्रयत्न केलेला. दहावीचा निकाल लागला तेव्हा पेढे द्यायला गेलो आणि सांगायला तोंड उघडलं, तर काकांनी त्यात पेढा घातला. माझ्या लग्नात ते आहेर घेऊन स्टेजवर आले तेव्हा मी त्यांचा हात धरून ठेवला. फोटोग्राफर म्हणाला, काका, पुढे व्हा, लाइन थांबलीय. काकू गेल्या त्यानंतर एकदा कल्याणला दुर्गाडीच्या किल्ल्यावर काका आणि मी संध्याकाळचे बसलेलो, खाली खाडीचं पाणी, दोघंच. मी म्हटलं, काका, मला तुमची क्षमा मागायचीय. ते म्हणाले, अरे, अंत्ययात्रेला नाही जमलं यायला, होतं असं. मी हो म्हटलं. खरं तर मी अंत्ययात्रेला आलेलो. तिरडीला खांदा दिलेला.

*

नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी आमचा किल्ला पुरा झाला. शेवटच्या चिखलासाठी पाणी कमी पडलं, तेव्हा काकांनी गच्चीवर जाऊन कंपाउंडच्या नळाचा छोटा व्हॉल्व्ह उघडून दिला आणि पाच वाजता बंद केला. तटाभोवती आम्ही विटांची कड करून आत प्लास्टिकचा कागद अंथरला होता. समुद्राची जागा. ती कोरडी होती.

"समुद्र कधी भरायचा, काका?"

"उद्या दुपारी. पालिकेचं पाणी आल्यावर. टाकी मी आज भरून ठेवलीय, पहाटे सोळा घरांत अंघोळी आहेत. आज थेंबसुद्धा नाही."

एवढं स्पष्ट सांगितलं होतं. मला ऐकू आलं नाही असंही नाही.

मी का केलं ते मला आजही धड सांगता येत नाही. संध्याकाळी गच्चीवर आकाशकंदील लावायला पोरांची ये-जा चाललेली, गच्चीचं दार उघडं. टाकीच्या पायाशी तो छोटा व्हॉल्व्ह, त्याचं लाल चाक, हाताला गार. मी दोन आटे फिरवले. लोखंड बारीक किंकाळलं. खाली येऊन मी नळाला पाइप लावला आणि त्याचं तोंड बुरुजामागे ठेवलं.

सुध्या फटाके आणायला गेलेला, नंदाला काकूंनी चकल्या पाडायला बसवलेली. कंपाउंडात मी एकटा होतो. पाणी आधी नुसतं चमकलं, मग पसरलं, मग तटाला भिडलं. कुठून तरी चकलीच्या तेलाचा वास येत होता. पहिल्या मजल्यावरच्या कंदिलाचा लाल उजेड पाण्यात पडला आणि हलायला लागला. मी कागदाच्या दोन होड्या सोडल्या. मग फरशीवर पालथा पडून, गाल जमिनीला टेकवून, होडीतल्या माणसाला दिसेल तसं बघितलं. मला किल्ला दिसत होता, मोठा, काळा, चहूबाजूंनी पाणी. त्या पातळीवरून एक गोष्ट दिसली, ती मी इतक्या वर्षांत विसरलो नाही. ती कुणाला सांगताही आली नाही, कारण सांगायची तर आधी पाणी कुठून आलं ते सांगावं लागलं असतं.

प्लास्टिकला कुठेतरी भोक होतं. समुद्र हळूहळू ओसरत होता. सकाळी काकांना भरलेला दिसावा म्हणून मी नळ बारीक चालू ठेवला. मग आईने जेवायला हाक मारली आणि मी गेलो. जेवून झोपलो. इतकं साधं होतं ते.

पहाटे जाग आली ती जिन्यातल्या गलक्याने. आमच्या बिल्डिंगमध्ये पद्धत अशी होती की चारला सगळ्यांनी उठायचं, तेल लावायचं, उटणं चोळायचं, आणि साडेचारला काका पाणी सोडणार. तर साडेचारला काकांनी मोठा व्हॉल्व्ह उघडला आणि सोळा घरांतल्या नळांनी एक लांब सुस्कारा सोडला. बस. पाणी नाही.

मी दार उघडून बघितलं. जिन्यात दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती, पंचे नेसलेली, तेलाने चकाकणारी, अंगभर पिवळी. कुणी कठड्याला हात लावत नव्हतं, कारण हात निसटत होते. माझे वडील, जे ऑफिसात साहेब होते, ते उटण्यात कुणालाच ओळखू येत नव्हते. बायका बादल्या घेऊन खाली निघालेल्या, मुलं रडत होती, आणि शेजारच्या बिल्डिंगमधून पाणी ओतल्याचे, घंगाळ्याचे, फटाक्यांचे आवाज येत होते. उटणं वाळायला लागलं. वाळलं की ते ओढतं. बोलताना लोकांच्या गालांना भेगा पडायला लागल्या.

मी मधून वाट काढत खाली पळालो. समुद्र विटांची कड फोडून गटाराकडे गेला होता. एक बुरुज अर्धा बसलेला. मी नळ बंद केला, पाइप गुंडाळून मीटरच्या पेटीमागे टाकला आणि त्याच पायांनी गच्चीवर गेलो. तिथे काका टाकीत वाकून बघत होते, तेच अंगभर तेल, तेच उटणं. मग ते खाली बसले आणि त्यांनी लाल चाकाला हात लावला. चाक सैल होतं.

"मी हा बंद केला होता," काका म्हणाले. मागे पाच-सहा जण उभे होते. "पाचला येऊन बंद केला होता." मग त्यांनी चाकाकडे बघितलं. दोन आटे उघडं. "केला होता ना?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला. मी सर्वांत जवळ उभा होतो.

मी काही बोललो नाही.

"आयुष्यभर व्हॉल्व्हच काढले," मागून पालेकर मावशी म्हणाल्या, "आणि घरचा एक बंद करता आला नाही." सगळे हसले. हसताना उटण्याच्या खपल्या पडल्या. काकाही थोडे हसले. मग ते खाली आले, किल्ल्यापाशी थांबले, बसलेला बुरुज त्यांनी पायाने चाचपला आणि म्हणाले, "शिसं नव्हतं ना पायात." त्यांना वाटलं, व्हॉल्व्ह उघडा राहिला म्हणून कंपाउंडच्या नळातून रात्रभर गळलेलं पाणी इथवर आलं. त्याच दिवशी त्यांनी पाण्याचं काम सोडलं. पाडव्याला दारामागे तो पुठ्ठा आला.

*

साडेतीन वाजले होते. काका खुर्चीत बसून नकाशा बघत होते. खोलीत खुर्ची आणि नकाशा सोडून काही उरलं नव्हतं.

"परत कधी गेला नाहीत किल्ल्यांवर, काका," मी म्हटलं.

"गेलो होतो ना. म्हणजे निघालो होतो. खोपटला बसमध्ये जाऊन बसलो, कंडक्टरने घंटी मारली, आणि वाटलं, गॅस चालू राहिला. उतरलो. पुढच्या वेळी परत तेच. मग सोडून दिलं. ज्याला स्वतःचा भरवसा नाही त्याने लांब जाऊ नये." ते हसले. "आता नंदाकडे बरं. ती माझ्या मागे बघते, मी काय चालू ठेवलं ते."

"काका, फितूर मी होतो."

"कशाचा?"

मी सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं. मध्ये ते पाणी आणायला जातील म्हणून दारात उभा राहून सांगितलं. लाल चाक, पाइप, मीटरची पेटी, गच्चीवरचा त्यांचा प्रश्न, सगळं. संपलं तेव्हा मला वाटलं होतं की हलकं वाटेल. वाटलं नाही. नुसते पाय दुखत होते.

काकांनी नकाशातल्या समुद्रावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "किती आटे उघडलास?"

"दोन."

"पाइप अर्ध्या इंचाचा?"

"हो."

"किती वाजता?"

"साडेसहा असतील. जेवायला गेलो तेव्हा बारीक केला."

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. टाकीचं माप त्यांना तोंडपाठ असणार. बोटांवर काहीतरी मोजून त्यांनी डोळे उघडले.

"जुळतंय," ते म्हणाले. "म्हणजे मी बंद केला होता."

"हो काका."

"पाच वाजता."

"हो."

"तुझी काकू शेवटपर्यंत म्हणायची, जाऊ द्या हो, माणूस विसरतो." ते खिडकीकडे बघत होते. "मी तिला म्हणायचो, मला आठवतंय गं, माझ्या हाताला ते चाक आठवतंय. मग मीच म्हणायला लागलो, विसरलो असेन."

मी खाली बसलो. आता ते मला काय म्हणतील ते म्हणोत, असं वाटलं. मी अडतीस वर्षं त्या वाक्याची तयारी करत होतो. फितूर, नालायक, काहीही चाललं असतं.

"समुद्र भरला होता पूर्ण?" काकांनी विचारलं.

"काय?"

"सहा इंच झाला होता का?"

"झाला होता. होड्या सोडल्या मी."

"होडीतून बघितलंस?"

"गाल टेकून बघितलं. पाण्याच्या पातळीवरून."

काका खुर्चीत पुढे सरकले. "दरवाजा दिसत होता?"

"नाही, काका. नुसती भिंत. मला माहीत होतं कुठे आहे ते, तरी सापडला नाही. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. बुरुजांच्या मधे नुसता काळोख."

"नाही ना दिसत?" चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस मांडीवर थाप मारून हसला. "मी म्हणत होतो. प्रत्यक्ष पाण्यात कुणी बघितलाच नव्हता रे तो. मला वाटायचं, घेर दोन इंच कमी पडला असेल." मग हसणं थांबलं. "गाढवा, हे तरी सांगायचंस. पाण्याचं नंतर सांगितलं असतंस."

मग त्यांनी खिशातून पेन काढलं आणि मला नकाशाशी बसवलं. ड्रॉइंग चुकलं तर ते फेकत नाहीत, कोपऱ्यात सुधारणा लिहितात, सुधारणेला अक्षर देतात आणि सही करतात, हे त्यांनी मला समजावलं. मी लिहीत होतो आणि ते सांगत होते.

"सुधारणा अ. व्हॉल्व्ह पाच वाजता बंद होता. लिहिलंस? अक्षर नीट काढ. आता सही. तपासणारा म्हणून तुझीच आहे ना वर? मग तीच सही."

बारा वर्षांच्या सहीखाली मी पन्नास वर्षांची सही केली. दोन्ही वेड्यावाकड्या.

"आणि हे उटणं," मी उठताना डबा उचलला.

"राहू दे. एक पाकीट ताजं बघून वर ठेव. यंदा लावीन म्हणतो." ते थांबले. "मग तुझा धंदा नाहीच का उटण्याचा?"

नंदा चारला आली, घामाघूम, टेम्पोवाल्याशी फोनवर भांडत. "बाबा, झालं? पुठ्ठा वाचलात? गॅस बघितलात?"

"बघितला."

"किती वेळा?"

"एकदा."

नंदाने माझ्याकडे बघितलं. मी डबा छातीशी धरून भिंतीकडे बघितलं. तिला आत्ताच सांगावं की टेम्पोत बसल्यावर, ते मी ठरवत होतो. तीही त्या पहाटे उटण्यात वाळली होती.

काकांनी गुंडाळी काखेत मारली, दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि सरळ जिना उतरायला लागले. आम्ही दोघं दारापुढे उभे राहिलो. त्यांच्या चपला खाली चालल्या होत्या, एका लयीत, मध्ये कुठेही न थांबता. पहिला मजला आला. तरी थांबल्या नाहीत.

मला राहवलं नाही. मी हात पुढे केला आणि कुलूप ओढून पाहिलं. रिकाम्या बिल्डिंगमध्ये कडी खणकन वाजली.

"लागलंय ते," खालून काकांचा आवाज आला. "मी लावलंय."